वर्डकॅम्पमध्ये नेमकं घडतं काय?

बँकॉक, तैपेई आणि मनिला यांच्यानंतर वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या 'वर्डकॅम्प एशिया' या संमेलनासाठी मुंबईची निवड झाली. तारखा ९ ते ११ एप्रिल २०२६, जागा वांद्रे-कुर्ला संकुलातलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर. वेबसाइट बनवणाऱ्यांना या बातमीनं फार आनंद झाला. बाकीच्यांना मात्र ती वाचून काहीच बोध होत नाही. प्रदर्शन म्हणावं, तर ज्या सॉफ्टवेअरचं हे संमेलन ते फुकट मिळतं. शिकवणी म्हणावी, तर शेवटी ना परीक्षा, ना पदवी. व्याख्यानमाला म्हणावी, तर वक्ते मानधन घेत नाहीत आणि आयोजकही पगारी नसतात. तरीही देशोदेशींची माणसं, काही कंपनीच्या आणि बरीचशी स्वतःच्या खर्चानं, तिथे पोचतात.

कशासाठी? आणि रोज नुसत्या वेबसाइट वाचणाऱ्या आपल्यासारख्यांचा त्याच्याशी काय संबंध? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. अशा संमेलनातलं सगळ्यांत मोलाचं काम व्यासपीठावर होत नाही, ते टेबलांभोवती होतं. मराठी वेबवर कशी दिसेल, कशी वागेल, हे बऱ्याच अंशी त्या टेबलांवर ठरतं. हे पटण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी पायाच्या दोन गोष्टी

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना. त्या सूचनांच्या मजकुराला कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या आपला कोड कुणाला दाखवत नाहीत; तुम्हाला वापरायला मिळतं ते तयार सॉफ्टवेअर. ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. तो वापरा, वाचा, बदला, बदललेला वाटा, या चारही गोष्टींची कायदेशीर परवानगी असते. वर्डप्रेसच्या परवान्याचं नाव जीपीएल. त्यात एक अट आहे: तुम्ही बदललेलं सॉफ्टवेअर पुढे वाटलंत, तर तुम्हाला मिळालेले हेच हक्क पुढच्यालाही द्यायचे.

या अटीमुळे काय होतं ते वर्डप्रेसच्या जन्मकथेतच दिसतं. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणानं 'बीटू' नावाचं ब्लॉग लिहिण्याचं साधन केलं होतं. त्याचं काम थांबलं आणि वापरणारे उघड्यावर पडले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलनवेग या विद्यार्थ्यानं जाहीरपणे लिहिलं की, हा कोड पुढे न्यावा असं त्याला वाटतं. इंग्लंडमधल्या माइक लिटलनं त्याला कळवलं: करणार असशील तर मी आहे सोबत. कोड जीपीएलखाली असल्यामुळे परवानगी मागत बसायची गरजच नव्हती. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात.

वर्डप्रेसच्या लोकांचं पहिलं संमेलन ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलं. तेव्हापासून 'वर्डकॅम्प' हे नाव रूढ झालं. भारतात ते २००९ साली दिल्लीत आलं आणि पुढे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथल्या मंडळींनी आपापले वर्डकॅम्प भरवले.

फुकट मिळतं, पण कुणाच्या जिवावर?

इथे बहुतेकांची गफलत होते. ओपन सोर्स म्हणजे कुणीतरी कुठेतरी सगळं सांभाळतंय, आपण वापरत राहायचं, असा एक समज आहे. 'कुणीतरी' म्हणजे प्रत्यक्षात किती माणसं, हे जगाला दोनदा धक्का बसून कळलं.

पहिला धक्का एप्रिल २०१४ चा. ब्राउझरमध्ये वेबपत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रामागे जे सॉफ्टवेअर असतं, त्यातलं फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं एक म्हणजे ओपनएसएसएल. त्यात 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली. जगभरच्या बँका, दुकानं, सरकारी कार्यालयं ज्या कोडवर विसंबून होती, त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे, हे तेव्हा उघड झालं.

दुसरा धक्का मार्च २०२४ चा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. एक्सझेड नावाचं फाइल लहान करण्याचं साधन बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असतं, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवल्या जातात तिथेच. लासे कॉलिन हा एकच गृहस्थ अनेक वर्षं ते मोकळ्या वेळात, बिनपैशानं सांभाळत होता. आपण थकलोय, मनःस्वास्थ्य बरं नाही, असं त्यानं उघडपणे लिहिलंही होतं. त्याच काळात 'जिआ टॅन' नावानं कुणीतरी मदतीला आलं. दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम करून त्यानं विश्वास मिळवला, कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकारही मिळवला आणि मग एक चोरवाट लपवून ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्याच कामात सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, म्हणून ती चोरवाट जगभर पसरण्याआधी सापडली. जिआ टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

संमेलनात कुणी ओळखपत्र तपासत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीगाठींनी असा डाव नक्की टळला असता, असा माझा दावा नाही. पण एकट्या, थकलेल्या माणसाच्या आसपास एकमेकांना ओळखणारी चार-पाच माणसं असती, तर पहिल्या अनोळखी मदतनीसाच्या हाती किल्ल्या द्यायची वेळ त्याच्यावर आली नसती. अशी चार-पाच माणसं कुठे तयार होतात? आपल्या विषयाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

भाषण, वर्कशॉप आणि मधली चहाची वेळ

अशा संमेलनात साधारण चार प्रकारचे कार्यक्रम असतात. भाषणं अर्ध्या-पाऊण तासाची; लाइटनिंग टॉक म्हणजे पाच-दहा मिनिटांत एकच मुद्दा सांगून खाली उतरायचं; वर्कशॉपमध्ये लॅपटॉप उघडून हातानं करायचं; आणि कॉन्ट्रिब्युटर डे, त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. पाचवा प्रकार वेळापत्रकात छापलेला नसतो: दोन सत्रांच्या मध्ये चहा घेताना होणारी बोलणी. अनुभवी मंडळी याला 'हॉलवे ट्रॅक' म्हणतात आणि कित्येक जण मुख्यतः त्यासाठीच येतात. वर्षभर ज्या माणसाशी फक्त लेखी संबंध आला, कदाचित थोडे खटकेही उडाले, तो समोर उभा राहून बिस्किट पुढे करतो तेव्हा पुढचे वर्षभराचे वाद सौम्य होतात.

भाषण आणि वर्कशॉप यांतला फरक पुणेकरांना लगेच कळेल. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाचं वादन ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यानं ढोल वाजवता येत नाही. त्यासाठी गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी सरावाला जावं लागतं, कमरेला ढोल बांधून जुन्या वादकाशेजारी उभं राहावं लागतं. हात चुकला की शेजारचा नुसत्या नजरेनं सांगतो. वर्कशॉपमध्ये हेच घडतं. शिकवणाऱ्याचं बोलणं त्यात थोडं; शेजारच्याच्या पडद्यावर काय दिसतंय आणि आपल्या पडद्यावर का दिसत नाही, यातून माणूस जास्त शिकतो.

म्हणून चांगल्या वर्कशॉपची मांडणी फार विचारपूर्वक करावी लागते. जुलै २०१४ मध्ये बर्लिनला ओला सिटार्स्का आणि ओला सेंडेका या दोघींनी 'जँगो गर्ल्स' हा उपक्रम सुरू केला. कधीच कोड न लिहिलेल्या स्त्रियांना एका दिवसात स्वतःची छोटी वेबसाइट उभी करून द्यायची, हा त्यांचा बेत. त्यांची पद्धत साधी: मोठा वर्ग भरवायचा नाही, तीन जणींमागे एक मार्गदर्शक बसवायचा. सोबतचा सगळा धडा लेखी, फुकट आणि खुला. जगभर अनेक शहरांत त्याच धड्यावर वर्कशॉप झाली. एका माणसाच्या वाट्याला तीनच शिकणारे आले, की 'बाई, माझं अडलंय' म्हणायला कुणाला लाज वाटत नाही. मला तर यात सगळ्या शिक्षणाचं मर्म दिसतं.

दुसरी अडचण अगदी व्यवहारी असते. पूर्वी वर्डप्रेसच्या वर्कशॉपचा पहिला तास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सर्व्हर बसवण्यात जाई. कुणाचं विंडोज जुनं, कुणाला कंपनीनं काही बसवायला बंदी केलेली, आणि सगळ्यांनी एकदम डाउनलोड सुरू केल्यावर सभागृहाचं वायफाय बसलेलं. आता 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' आहे. ब्राउझरची एक खिडकी उघडली की पूर्ण वर्डप्रेस त्या खिडकीतच चालू होतं. काही बसवायचं नाही, काही मोडलं तर खिडकी बंद करून नवी उघडायची. पहिला तास वाचला आणि मोडण्याची भीतीही गेली.

कॉन्ट्रिब्युटर डे: खरं काम इथे

मोठ्या वर्डकॅम्पमध्ये एक पूर्ण दिवस यासाठी राखलेला असतो. त्या दिवशी मोठ्या सभागृहात गोल टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एका कामाची पाटी: मूळ कोड, रचना, दस्तऐवज (वापराची माहिती लिहिणं), चाचणी, भाषांतर, सुलभता (अपंगांनाही वापरता यावं यासाठीचं काम), वापरणाऱ्यांना मदत, छायाचित्रं. प्रत्येक टेबलावर त्या कामातला जाणता माणूस बसलेला असतो. तुम्ही आवडीच्या टेबलाशी जाऊन बसायचं.

मग पुढे काय होतं? समजा तुम्ही कोडच्या टेबलावर बसलात. वर्डप्रेसमधल्या सगळ्या चुका आणि सूचना 'ट्रॅक' नावाच्या सार्वजनिक यादीत नोंदवलेल्या असतात. प्रत्येक नोंदीला तिकीट म्हणतात. नवख्यांना जमतील अशा तिकिटांवर वेगळी खूण असते. पहिलं काम, नोंदलेली चूक खरोखर होते का हे स्वतः करून पाहणं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण 'मलाही असंच दिसलं, या पायऱ्यांनी दिसलं, या ब्राउझरमध्ये दिसलं' एवढी नोंदसुद्धा ते तिकीट पुढे ढकलते. मग कुणीतरी दुरुस्तीचा तुकडा लिहितं, त्याला पॅच म्हणतात. दुसरं कुणी तो लावून पाहतं. तिसरं कुणी म्हणतं, यानं जुन्या वेबसाइट मोडतील, वेगळा मार्ग काढा. शेवटी मूळ कोडमध्ये भर घालण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या लोकांपैकी एक जण तो बदल आत घेतो आणि सोबत मदत केलेल्या प्रत्येकाचं नाव लिहितो. या श्रेय-नोंदीला तिथे 'प्रॉप्स' म्हणतात. प्रत्येक मोठ्या आवृत्तीत अशी शेकडो नावं असतात.

एरवी ही वाट एकट्यानं चालायची तर आठवडे जातात. कुणाला विचारायचं कळत नाही, उत्तर यायला दोन दिवस, तोवर उत्साह मावळलेला. टेबलावर हेच दुपारपर्यंत होतं, कारण अडलं तिथे सांगणारा माणूस दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. म्हणूनच मी म्हणते, संमेलनाला गेलात आणि एकच दिवस हाती असेल, तर भाषणांचा दिवस सोडा, हा दिवस गाठा.

यात मराठीचा संबंध कुठे आला?

एक उदाहरण घेते. वर्डप्रेसमध्ये लेख लिहिला की मथळ्यावरून त्याचा वेबपत्ता आपोआप तयार होतो. मथळा देवनागरीत असेल, तर पत्ता साठवताना प्रत्येक चिन्हाचं टक्क्याच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं यांच्या साखळीत रूपांतर होतं. एका देवनागरी चिन्हाला अशा नऊ जागा लागतात, आणि इथे काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. वर्डप्रेसच्या कोठारात या पत्त्यासाठी जागा आहे २००. इंग्रजी मथळ्याला ती भरपूर होते. मराठीला साधारण बावीस चिन्हं.

'महाराष्ट्रातील दुष्काळ आणि शेती' असा मथळा द्या. 'महाराष्ट्रातील' या शब्दात १४ चिन्हं, 'दुष्काळ'मध्ये ७. त्यांच्या १८९ जागा, दोन जोडरेघा धरून १९१. उरल्या नऊ. तेवढ्यात 'आ' बसतो आणि पत्ता तिथेच तुटतो. 'आणि शेती' गायब.

हे ज्यानं लिहिलं त्यानं मराठीशी वैर धरलेलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी मथळा नव्हता, एवढंच. मराठीत रोज लिहिणारा माणूस त्या टेबलावर बसला, की अशा गोष्टी नजरेस येतात, नोंदवल्या जातात, त्यावर वाद होतो. तो बसला नाही, तर कुणाच्या ध्यानीमनीही येत नाहीत. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटच्या पायाशी असलेल्या कोडबद्दल आपण बोलतोय. तालुक्याच्या शाळेपासून साप्ताहिकापर्यंत कितीतरी मराठी वेबसाइट त्यावर उभ्या आहेत.

भाषांतराच्या टेबलाचंही तसंच. वर्डप्रेसच्या पडद्यावरची प्रत्येक सूचना, प्रत्येक बटण मराठीत आणण्याचं काम स्वयंसेवकच करतात. वर्डप्रेसचं खातं असलेल्या कुणालाही भाषांतर सुचवता येतं. त्या भाषेचे संपादक ते तपासून मंजूर करतात. वर्डप्रेसला जोडून चालणारी हजारो प्लगिन्स आहेत आणि त्या प्रत्येकाचं भाषांतर वेगळं करावं लागतं. त्यामुळे काम कधी संपत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी जगभरच्या भाषांतरकारांनी पहिल्यांदा एकाच दिवशी एकत्र बसून हे काम केलं, तेव्हापासून भाषांतर दिनाची प्रथाच पडली. सुचवणारा आणि तपासणारा एका टेबलावर असले, की मंजुरीची रांग तिथल्या तिथे हलते. दुसऱ्या दिवशी ते शब्द खऱ्याखुऱ्या वेबसाइटवर दिसू लागतात. भाषेसाठी काही करावं असं वाटणाऱ्या माणसाला इतक्या लवकर फळ देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

महाराष्ट्राला हे सगळं नवं आहे असंही नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नुनिफाय' हे खुल्या सॉफ्टवेअरचं संमेलन वर्षानुवर्षं भरलं. फेडोरा लिनक्सच्या लोकांचं संमेलन २०११ मध्ये पुण्यातच झालं. ड्रुपल हे वर्डप्रेससारखंच वेबसाइट बनवण्याचं खुलं साधन. त्याचं आशियातलं पहिलं मोठं संमेलन फेब्रुवारी २०१६ मध्ये पवईच्या आयआयटीत भरलं. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटानं केलेला 'मुक्त' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली आहे, तुम्ही वाचत असलेल्या कितीतरी मराठी वेबसाइटवर तो असेल. परंपरा आहे. तिच्यात नवी माणसं यायला हवीत.

"पण मला प्रोग्रॅमिंग येत नाही"

अर्ध्याहून अधिक टेबलांना प्रोग्रॅमिंगची गरजच नसते. भाषांतराला भाषा हवी. दस्तऐवजाच्या टेबलाला स्वच्छ लिहिणारा हवा. चाचणीला चिकाटी हवी. सुलभतेच्या टेबलाला तर अशी माणसं हवी असतात, जी पडदा न पाहता, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं वेबसाइट वापरतात. अंध व्यक्तींमध्ये जगभर वापरलं जाणारं एनव्हीडीए हे असं सॉफ्टवेअर स्वतःच ओपन सोर्स आहे आणि ते सुरू करणारे मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघेही ऑस्ट्रेलियन तरुण अंध. एखादं बटण त्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही, हे डोळस प्रोग्रॅमरच्या लक्षात येणार कसं?

इंग्रजीची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. तिकिटावरची चर्चा इंग्रजीत चालते, मोठ्या संमेलनातली भाषणंही. पण टेबलाभोवती मराठी बोलायला कुणाची मनाई नसते. गावोगावच्या छोट्या मीटअपमध्ये तर बोलण्याचा ओघ आपोआप मराठीकडे वळतो. तिथे वीस-तीस माणसं जमतात, प्रवेश फुकट असतो आणि 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला 'अजून काही नाही, बघायला आलोय' हे उत्तर चालतं.

"ही कंपन्यांची जाहिरातबाजीच ना?"

कंपन्या असतात. सभागृहाचं भाडं, जेवण, रेकॉर्डिंग यांचा खर्च बराचसा प्रायोजकांकडून येतो, म्हणून तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवता येतं. प्रायोजकांना दालनात मांडव मिळतो. पैशाचा हिशोब वर्डप्रेस फाउंडेशनशी जोडलेल्या संस्थेमार्फत चालतो. ही ना-नफा फाउंडेशन २०१० पासून आहे आणि 'वर्डप्रेस', 'वर्डकॅम्प' ही नावंही तिच्याकडे आहेत. व्यासपीठावरून स्वतःचा माल विकायचा नाही, हा नियम वक्त्यांना लागू असतो.

पण शंका इथे संपत नाही, संपूही नये. २००५ मध्ये मुलनवेग यांनी ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. वर्डप्रेसच्या कामाचा मोठा भार तिचे पगारी लोक उचलतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये व्यासपीठावरूनच मुलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली. ती वर्डप्रेसमधून कमावते आणि त्या मानानं परत काही देत नाही, असा त्यांचा आक्षेप. प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये ऑटोमॅटिकनं आपल्या लोकांचे वर्डप्रेससाठीचे तास एकदम कमी केले आणि मे महिन्यात पुन्हा सुरू केले.

या वादात कोण बरोबर, हे कोर्ट ठरवेल. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. एका कंपनीनं हात काढून घेतल्यावर सगळ्या प्रकल्पाला धाप लागते, याचा अर्थ स्वतंत्र हात कमी आहेत. कंपन्यांचं वजन खटकत असेल, तर कंपनीबाहेरचे लोक वाढवण्याचा मार्ग आहे, आणि ते वाढतात ते याच टेबलांवरून.

"नवशिके आले तर कामच वाढेल"

हा आक्षेप आतल्या लोकांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा एक उपक्रम दर ऑक्टोबरात असतो. ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक बदल पाठवले की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये त्याचा कहर झाला. एखाद्या वाक्यात 'अमेझिंग' शब्द घुसव, कुठे एक मोकळी ओळ टाक, असे निरर्थक बदल हजारोंच्या संख्येनं येऊन पडले. प्रकल्प सांभाळणारे लोक ते निस्तरत बसले. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी 'आम्हाला यात घ्या' असं स्वतः सांगितलं, तेवढेच धरायचे.

त्यात नवशिक्यांना दोष देणं सोपं आहे. मला दोष दिसतो तो मांडणीत. त्यांच्या शेजारी कुणी बसलेलं नव्हतं. कॉन्ट्रिब्युटर डेला तुम्ही असा बदल पाठवायला निघालात, तर टेबलावरची ताई पाठवण्याआधीच विचारते, 'यानं कुणाचं काय भलं होणार आहे?' तो प्रश्न एकदा कानावर पडला, की माणूस पुढे स्वतःच विचारायला लागतो. आणि भेट म्हणून काय द्यायचं, यालाही महत्त्व आहे. टी-शर्टासाठी केलेलं काम टी-शर्ट मिळाल्यावर थांबतं.

तरीही एक प्रामाणिक अडचण उरते. त्या एका दिवशी आलेल्यांपैकी पुष्कळजण नंतर दिसत नाहीत. चांगले आयोजक म्हणून महिन्याभरानं त्याच शहरात छोटा मीटअप ठेवतात आणि अर्धवट राहिलेली तिकिटं तिथे पुन्हा काढतात. मोठं संमेलन भरवण्यापेक्षा हे जास्त कठीण, आणि माझ्या मते जास्त गरजेचं आहे.

"सगळं यूट्यूबवर आहे आणि कोड एआय लिहितो"

भाषणांपुरतं पहिलं म्हणणं मान्य. वर्डकॅम्पमधली भाषणं रेकॉर्ड होतात आणि वर्डप्रेस टीव्ही या वेबसाइटवर २००९ पासून फुकट पाहायला मिळतात. केवळ ऐकायचं असेल, तर घरी बसून ऐका, त्यात कमीपणा काहीच नाही.

एआयचा मुद्दा वेगळा आहे. कोड लिहिणं आता खरंच सोपं झालंय. अडचण पुढच्या टप्प्यावर आलीय: आलेला कोड वाचून, तपासून, त्याची जबाबदारी घेणारी माणसं तेवढीच आहेत आणि येणारा लोंढा वाढलाय. कर्ल हे इंटरनेटवरून माहिती आणणारं साधन अक्षरशः सगळीकडे वापरलं जातं. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयकडून लिहून घेतलेल्या, वरवर अभ्यासू वाटणाऱ्या पण पोकळ सुरक्षा-तक्रारींबद्दल वारंवार जाहीर त्रागा केलाय. अशी प्रत्येक तक्रार खोटी ठरवायला खऱ्या माणसाचे तास खर्च होतात.

म्हणजे आता सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट कोणती? हा बदल घ्यावा की नाही, हे ठरवणारी जाण, आणि पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवायला काहीतरी आधार. दोन्ही गोष्टी माणसांच्या सहवासात वाढतात. एखादा पॅच का नाकारला, यावर दोन जाणती माणसं समोरासमोर वाद घालताना ऐकणं, हे मला कुठल्याही उत्तम व्हिडिओपेक्षा मोलाचं शिक्षण वाटतं. मराठी पत्त्याचं वरचं उदाहरणच घ्या. २०० च्या जागी ४०० असं एआय क्षणात लिहून देईल. पण लाखो जुन्या वेबसाइटच्या कोठारांवर त्याचा काय परिणाम होईल, जुने पत्ते चालत राहतील का, कमी ताकदीच्या सर्व्हरवर काय होईल, हे प्रश्न कुणीतरी विचारावे लागतात आणि उत्तरांची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते.

पहिल्यांदा जाताना

वर्डप्रेसचं खातं घरूनच उघडून ठेवा, नाहीतर तिथल्या वायफायवर सकाळ त्यातच जाते. आपल्या शहरात मीटअप होतो का, ते आधी पाहा; मोठ्या संमेलनाआधी एका मीटअपला जाऊन आलात, तर टेबलावर एखादा ओळखीचा चेहरा सापडेल. वर्डप्रेसचाच आग्रह नसेल, तर फॉस युनायटेड या संस्थेच्या मुंबई-पुण्यातल्या बैठकाही आहेत, तिथे सगळ्या प्रकारच्या खुल्या सॉफ्टवेअरची मंडळी भेटतात. स्वतः मराठी वेबसाइट चालवत असाल, तर तिच्यात खटकणाऱ्या गोष्टी लिहून न्या: कुठे अक्षर तुटतं, कुठे शोध लागत नाही, कुठे मराठीत अचानक इंग्रजी वाक्य येतं. पडद्याचे फोटो काढून ठेवा आणि कोणत्या पायऱ्यांनी ते घडतं हेही टिपा. अशी एक नोंद घेऊन आलेल्या माणसाला कोणतंही टेबल आनंदानं जागा करून देतं. चार्जर न्याच, आणि जमलं तर एक्स्टेंशन बोर्डसुद्धा. टेबलाखालचे प्लग दुपारपर्यंत हमखास कमी पडतात.